स्टॅलियन, शक्तिमान की निसान: गोव्यात निवृत्त लष्करी गाडी घेण्याआधी

लष्करातून बाद झालेली जड गाडी घ्यायची म्हटलं की तीन नावं समोर येतात: अशोक लेलँडचा स्टॅलियन, जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीचा शक्तिमान आणि तिथलाच निसान वन-टन. घेणाऱ्यांचं सगळं लक्ष इंजिनावर असतं. आमच्या मते इंजिन ही त्यातली सर्वांत सोपी बाब. डिझेल इंजिन उघडून बसवणारे हात खाणपट्ट्यात भरपूर आहेत, २०१८ मध्ये खाणी थांबल्या तरी उसगाव, धारबांदोडा, डिचोली, कुडचड्याकडची गॅरेजं टिकून आहेत. गाडी कायमची उभी राहते ती दोन कारणांनी: कागद जुळत नाहीत म्हणून किंवा पुढचा डिफरन्शियल (पुढच्या दोन चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) गेला आणि त्याचे सुटे भाग मिळत नाहीत म्हणून. तिन्ही गाड्यांची तुलना याच दोन कसोट्यांवर करायला हवी.

लिलावातला लॉट की आधीच नोंद झालेली गाडी

गाडी कुठली हे ठरवण्याआधी ती कुठून घ्यायची हे ठरवा. लष्कराच्या बाद गाड्या बहुतेक एमएसटीसी या सरकारी लिलाव कंपनीच्या ऑनलाइन लिलावात निघतात. नाव नोंदवून अनामत भरायची, ठरलेल्या दिवशी डेपोत जाऊन लॉट पाहायचा आणि बोली लावायची. विक्री ‘जसं आहे, जिथे आहे’ या अटीवर होते. बोलीवर जीएसटी चढतो आणि मुदतीत माल उचलला नाही तर जागाभाडं लागतं. लॉटच्या अटी ओळ न ओळ वाचा. काही लॉट फक्त नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रांसाठी असतात, काही ‘भंगार’ म्हणूनच विकले जातात. अशा गाडीला रस्त्याचा नंबर मिळेल ही आशा धरू नका.

नोंदणीसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ४७ प्रमाणे लष्करी गाडीला संबंधित अधिकाऱ्यांनी दिलेलं मूळ विक्री प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २१, लागतं. सोबत नमुना २० चा अर्ज, विमा आणि पत्त्याचा पुरावा. झेरॉक्स चालत नाही. दुसरा अडथळा प्रदूषणाच्या निकषांचा आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-४ गाड्यांचीसुद्धा विक्री-नोंदणी थांबली, आणि या तिन्ही गाड्या त्याहून जुन्या काळातल्या. म्हणून अनामत भरण्याआधी आपल्या भागातल्या आरटीओकडे लॉटचा तपशील देऊन लेखी विचारणा करा आणि उत्तरही लेखी घ्या. टेबलावरच्या तोंडी ‘होईल की’वर लाखांची बोली लावू नये.

डेपोत गेल्यावर पहिलं काम चेसिस नंबर शोधायचं. चेसिसवर ठोकलेला नंबर, पाटीवरचा नंबर आणि लॉटच्या यादीतला नंबर हे तिन्ही एक असले पाहिजेत. नोंदणीच्या वेळी आरटीओचा निरीक्षक चेसिसवर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतो. गंजाने आकडे खाल्ले असतील तर छाप उमटत नाही आणि फाइल तिथेच अडते. तारेचा ब्रश, टॉर्च, लोहचुंबक आणि वही सोबत न्या. लष्करी आवारात मोबाइलला सहसा परवानगी नसते.

दुसरा रस्ता म्हणजे एखाद्याने आधीच नागरी नोंद करून घेतलेली गाडी घेणं. ती महाग पडते, पण त्या जास्तीच्या पैशात कोणाची तरी कित्येक महिन्यांची पायपीट असते. महाराष्ट्र-कर्नाटकातली गाडी असेल तर नमुना २८ ची एनओसी घ्या, आणि गोव्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावाच लागतो. नोंदणी पुस्तकातलं इंजिन आणि बॉनेटखालचं इंजिन एकच आहे का पाहा. निसानमध्ये पेट्रोल काढून डिझेल बसवलेलं सर्रास आढळतं, आणि कलम ५२ प्रमाणे त्या बदलाची नोंद झालेली नसेल तर तो वाद विकत घेतल्यासारखं होतं.

तिसराही मार्ग आहे: काजूबागेत, चिरेखाणीत किंवा स्वतःच्या आवारातच वापरायची गाडी. रस्त्याला चाक लागणार नसेल तर नोंदणीचा प्रश्न बराच हलका होतो. मात्र दोन बागांच्या मधला पंचायतीचा रस्तासुद्धा रस्ताच असतो.

ऑलिव्ह हिरवा रंग तिन्ही वाटांवर उतरवावाच लागतो. नियम १२१ प्रमाणे तो फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे. नोंदणीआधीच राखाडी, वाळूचा किंवा तत्सम रंग द्या, म्हणजे पुस्तकात तोच चढेल.

स्टॅलियन: कामाला लावायची असेल तर हाच

कच्च्या वाटेवर ५ टन, पक्क्या रस्त्यावर ७.५ टन अशी याची ओळख. हिनो घराण्याचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, पॉवर स्टिअरिंग, हवेचे ब्रेक, २४ व्होल्ट वायरिंग. फिल्टर, पिस्टन-लायनर, क्लच प्लेट, ब्रेक लायनिंग, एअर कॉम्प्रेसरचं किट ही लेलँडच्या दुकानात उभ्या-उभ्या मिळणारी किंवा मागवता येणारी वस्तू आहे. टायर १२.००-२० मापाचे, टिपरवाल्यांच्या ओळखीचे. मागे एकेक टायर आहे की जोडी हे गाडीवरच पाहा, नवे किती घ्यायचे ते त्यावर ठरतं.

दुखतं ते पुढच्या बाजूला. पुढचा डिफरन्शियल, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलकडे ताकद वाटणारी पेटी) आणि चाक वळताना ताकद पोचवणारा जॉइंट नागरी लेलँडला नसतो, म्हणून दुकानात विचारून उपयोग नाही. हे भाग दुसऱ्या बाद गाडीतूनच काढावे लागतात. म्हणून डेपोत चेसिस नंबर आणि हे भाग सोडून बाकी काही पाहिलं नाही तरी चालेल, इतकं त्याला महत्त्व द्या. पुढच्या प्रोपेलर शाफ्टला (पुढच्या ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्याला) हाताने दोन्हीकडे पिळून किती खेळ आहे पाहा. ड्रेनचा बूच काढू दिला तर त्यावर चुंबक फिरवा: बारीक काळा लगदा चालेल, टोकदार चुरा नको. तेल ताकासारखं पांढरट असेल तर आत पाणी गेलंय आणि बेअरिंगना गंज चढलेला असणार. किंगपिनजवळच्या (चाक ज्याच्याभोवती वळतं त्या खिळ्याजवळच्या) गोल हाऊसिंगवर तेल गळत असेल तर सील गेलंय. सील स्वस्त आहे, पण ते बदलायला अख्खं हब उतरवावं लागतं.

गाडी घरी आल्यावर हा भाग मोडण्याचं कारण बहुतेक एकच: डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकून चालवणं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. पुढचा-मागचा ॲक्सल घट्ट जोडलेला असेल तर हा फरक कुठेच निघत नाही आणि सगळा पीळ शाफ्ट-गिअरवर साठतो. चिखलात, ओल्या मातीत चाक जरा घसरतं आणि पीळ सुटतो, डांबरावर सुटत नाही. लिव्हर जाम होऊन निघत नसेल तर तो हाच पीळ. हातोडा मारू नका, सरळ रेषेत गाडी थोडी रिव्हर्स घ्या, सुटेल.

परवान्याचंही पाहा. नोंदणीत एकूण वजन १२,००० किलोच्या वर गेलं की गाडी जड मालवाहू वर्गात जाते आणि चालवणाऱ्याकडे त्या वर्गाचा परवाना लागतो.

शक्तिमान

जर्मनीच्या एमएएन कंपनीच्या परवान्याने बनलेला, १९५९ पासून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चाललेला हा ट्रक. फौजेत ‘थ्री-टन’. १९६५ आणि १९७१ च्या लढायांत रसद यानेच वाहिली, आणि त्या आदरापोटी तो घ्यावासा वाटतो, हे आम्हाला मनापासून समजतं. यंत्र म्हणूनही तो सुंदर आहे: सगळं नटबोल्टांचं, इलेक्ट्रॉनिक काहीच नाही, पान्याच्या एका पेटीने बराच उघडतो.

पण रोजच्या कामासाठी आम्ही तो सुचवणार नाही. उत्पादन थांबून तीन दशकं होत आली. गॅस्केट कापून घेता येतं, बुश लेथवर वळवता येतो, कमानपाटे फोंड्यात बनवून मिळतील, रेडिएटरचा कोअर नवा घालता येईल. क्राऊन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलमधली दातेरी चाकांची जोडी, मात्र लेथवर होत नाही. तो दिल्लीच्या मायापुरीत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात शोधावा लागतो, आणि क्राऊन व पिनियन एकाच जोडीचे नसले तर काही दिवसांत आवाज करून दात झडतात. दोन शक्तिमान एकत्र घेऊन एक चालता ठेवायचा आणि एक भागांसाठी, हा खरा हिशेब. जागा असेल तरच यात पडा.

डिझेल पंप आणि नोझल चाचणी-टेबलवर तपासून घ्यायचेच, मडगाव-फोंड्याकडे असे पंपवाले आहेत. काळा धूर आला की पंपाचा स्क्रू पिळून डिझेल कमी करण्याचा मोह होतो. आधी नोझलची फवारणी आणि एअर फिल्टर बघा.

निसान वन-टन (आणि जोंगा)

आकाराने आटोपशीर, सत्तरी तालुक्यातल्या अरुंद वाटांवर सहज वळतो. सहा सिलिंडरचं ३,९५६ सीसीचं पेट्रोल इंजिन फार मुलायम, पण पेट्रोल इतकं पितं की लिटरला चार-पाच किलोमीटर धरून चाला. रोज माल वाहायला तो परवडत नाही. हौसेला, रॅलीला, महिन्यातून दोन फेऱ्यांना उत्तम. हायड्रॉलिक ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषतं, गोव्यात ते दर वर्षी पावसाळ्यानंतर बदला, नाहीतर व्हील सिलिंडर आतून खड्डे पडून गळायला लागतात.

जुन्या जोंगाच्या, म्हणजे जबलपूरच्याच जीपसारख्या लष्करी गाडीच्या, बाबतीत एक वाट आहे. जुलै २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली, खासगी वापराची दुचाकी-चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. डिझेल इंजिन बसवलेली गाडी मूळ रूपाच्या अटीत बसत नाही, म्हणून मूळ पेट्रोल इंजिन काढून विकू नका.

आणणं आणि पहिल्यांदा चालू करणं

विमा आणि नंबर नसलेली गाडी चालवत आणू नका, लो-बेडवर (बुटक्या ट्रेलरवर) आणा. बेळगावकडून येताना चोर्ल्याच्या वळणांपेक्षा अनमोडची वाट लांब ट्रेलरला बरी, आणि तीही पावसाळ्याआधी.

डेपोत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या इंजिनाला थेट स्टार्टर देऊ नका. रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात, जोर दिला की तुटतात. नोझल काढा (निसानमध्ये प्लग), प्रत्येक सिलिंडरमध्ये २० ते ३० मिली इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी क्रँक पुलीला पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. अडलं तर थांबा, उलट-सुलट हलवत सोडवा. जुनं ऑइल काढताना आधी पाणी बाहेर आलं तर हेड किंवा लायनरचा संशय धरा. डिझेलची टाकी उतरवून धुवा, दोन्ही फिल्टर बदला, आधी फिल्टर, मग पंप, शेवटी नोझल अशा क्रमाने हवा काढा. इंजिन बंद करायची कळ ओढून ठेवून स्टार्टर मारत राहा, ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत. मगच कळ सोडा. एक जण जाड फळी घेऊन हवा आत घेणाऱ्या तोंडापाशी उभा असलाच पाहिजे: पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दातेरी पट्टी) गंजून अडकलेला असेल तर इंजिन वेडं पळतं आणि हवा कोंडणं हाच थांबवण्याचा उपाय असतो. त्या क्षणी नुसता हात कधीही लावू नका.

गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंगा (गिअर न खडखडता बदलू देणाऱ्या) असतील तर जीएल-४ दर्जाचं गिअर तेल, डिफरन्शियलमध्ये जीएल-५. उलट केलं तर पितळ झिजतं.

२४ व्होल्ट म्हणजे दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या एकापाठी एक. टेप किंवा दिवा १२ व्होल्टचा म्हणून एकाच बॅटरीवर जोडला की ती कमी भरते, दुसरी जास्त तापते आणि वर्षाच्या आत दोन्ही जातात. २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसवा.

स्टॅलियनमध्ये हवा पूर्ण भरली की इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरा. मिनिटाला पाव बारपेक्षा जास्त काटा उतरला तर गळती आहे, साबणाच्या पाण्याने जॉइंट शोधा. इथल्या दमट हवेत टाकीत रोज पाणी साठतं, रोज संध्याकाळी ड्रेन उघडा.

चाकांची लॉक रिंग, म्हणजे टायर चाकावर अडकवून ठेवणारी लोखंडी कडी, हा जिवाचा प्रश्न आहे. गंजलेली रिंग हवा भरताना उडते तेव्हा तोफगोळ्यासारखी येते. चाकाला हात लावण्याआधी व्हॉल्व्ह काढून सगळी हवा सोडा, रिंग आणि खोबण ब्रशने स्वच्छ करा, चीर किंवा वाक दिसला तर रिंग बाद करा. हवा पिंजऱ्यात किंवा साखळदंड गुंडाळून, लांब नळीने, बाजूला उभं राहून भरा. टायर जाड दिसले तरी बाजूवरचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष.

पावसाळा आणि खारा वारा

किनाऱ्याजवळ ठेवायची असेल तर चेसिसच्या दुहेरी पट्ट्यांच्या फटी, केबिनच्या पायऱ्या आणि फाळक्यांखालचे कोपरे आधी गंजतात. ब्रशने घासून फॉस्फोरिक ॲसिडचं गंजनाशक, त्यावर झिंकचा प्रायमर आणि रंग, पोकळ जागेत मेण फवारा. जळकं इंजिन ऑइल लावायची पद्धत सोडा, त्याने रबरी बुश फुगतात आणि ते पाण्याबरोबर विहिरीकडे जातं. जून ते सप्टेंबर गाडी उभी ठेवायची तर चिऱ्यांवर ॲक्सल टेकवून टायरवरचं वजन काढा, डिझेलची टाकी काठोकाठ भरा म्हणजे आत ओलावा जमणार नाही, पंधरवड्याला एकदा इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवा आणि क्लचचं पेडल वीसेक वेळा दाबा. महिनाभर दाबलं नाही तर प्लेट फ्लायव्हीलला चिकटते आणि ती सोडवायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो.