राय आयपीए: फ्रीजमधली आणि रॅकवरची

एकाच बॅचचे चार कॅन. दोन एका बिअर शॉपीच्या फ्रीजमधून घेतलेले, दोन नागपुरातल्याच दुसऱ्या दुकानात काउंटरमागच्या उघड्या रॅकवरून. चारही कॅनवर सात आठवड्यांपूर्वीची तारीख, ५०० मिली, ६.२ टक्के अल्कोहोल, कडवटपणा ६० आयबीयू, किंमत अडीचशेच्या आसपास. महिना एप्रिल, शेवटचा आठवडा. फ्रीजमधल्या बिअरला आम्ही ५० पैकी ३९ गुण दिले, रॅकवरच्या बिअरला २४. ब्रुअरी तीच, बॅच तीच. हे पंधरा गुण कुठे गेले ते पुढे येईलच, आधी बिअरबद्दल.

राय म्हणजे मोहरी नव्हे. नागपुरात हिंदी सगळ्यांच्याच कानावर असते, त्यामुळे ‘राई’ ऐकून हा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो. राय हे गव्हाच्या नात्यातलं धान्य, जर्मनी, पोलंड, रशियासारख्या थंड मुलखात पिकणारं, ज्याचा काळसर, आंबूस पाव करतात. आयपीए (इंडिया पेल एल) म्हणजे हॉप या वेलीच्या फुलांनी कडवट आणि सुवासिक केलेली बिअर. तिच्यात मुख्य धान्य जवाचं माल्ट असतं, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव. त्यातला साधारण १० ते २० टक्के भाग काढून तिथे रायचं माल्ट घातलं की झाली राय आयपीए. अमेरिकेच्या बीजेसीपी या परीक्षक संस्थेच्या मोजमापात हिच्यासाठी ५.५ ते ८ टक्के अल्कोहोल आणि ५० ते ७५ आयबीयू असा पट्टा आहे. आमचा कॅन आकड्यांनी त्यात नीट बसतो. कॅनवर ‘स्ट्राँग’ लिहिलेलं आहे, ते केवळ अल्कोहोल ५ टक्क्यांच्या वर गेल्यामुळे. लागर म्हणजे दुकानात सगळीकडे मिळणारी साधी बिअर, तिच्यातल्या नेहमीच्या स्ट्राँगशी त्याचा चवीपुरता काही संबंध नाही.

रायला जो ‘मसालेदार’पणा चिकटवला जातो, त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ही चव तिखट नाही. लवंग लागली तर ती यीस्टची करणी. रोगनबिअर या रायच्या जर्मन बिअरमध्ये लवंग येते ती गव्हाच्या बिअरचं यीस्ट वापरतात म्हणून. शहाजिऱ्याचा भास होतो तोही पावामुळे, कारण तिकडे रायच्या पावात शहाजिरं घालतात. नुसत्या रायची चव शोधायची असेल तर ज्वारीची भाकरी आठवा: तव्यावर जरा जास्त भाजलेला तिचा वरचा पापुद्रा, किंचित मातकट, कोरडा, आणि मागून मिऱ्याच्या सालीचा वास, तोही जळजळीशिवाय. या बिअरमध्ये ही चव घोट गिळल्यानंतर येते, आधी नाही. ज्याला पहिल्याच घोटात राय सापडते तो बहुधा लेबल वाचून बसलेला असतो.

रायचं खरं काम जिभेवरच्या वजनात असतं. तिच्यात बीटा-ग्लुकन आणि पेंटोसान ही चिकट द्रव्यं भरपूर असतात. त्यांमुळे बिअर रेशमी लागते आणि फेस दाट राहतो. पण तीच द्रव्यं ब्रुअरला रडवतात. जवाच्या दाण्याला टरफल असतं आणि मॅश, म्हणजे भरडलेलं धान्य आणि गरम पाण्याचं मिश्रण, गाळताना तेच टरफल गाळणीचं काम करतं. रायला टरफल नाही. प्रमाण वीस टक्क्यांच्या पुढे गेलं की धान्याचा थर डिंकासारखा बसतो आणि खाली रस उतरत नाही. उपाय दोन. मॅश आधी ४० ते ४५ अंशांवर पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, म्हणजे बीटा-ग्लुकन तुटतं. आणि एकूण धान्याच्या ३ ते ५ टक्के वजनाचं धानाचं तूस, स्वच्छ धुऊन, त्यात मिसळायचं. भंडारा-गोंदियाच्या राइस मिलबाहेर ज्याचे ढीग पडलेले असतात तेच तूस. चवीला काहीच देत नाही, फक्त थर मोकळा ठेवतं.

गाळण अडली आणि ब्रुअरने घाईत फार गरम पाणी ओतलं, किंवा थरातला उरलेला रस पाण्याने धुऊन काढणं लांबवलं, तर टरफलातलं टॅनिन उतरतं आणि बिअर तुरट होते. इथे मराठीचा मोठा फायदा आहे, कारण कडू आणि तुरट आपल्याकडे लहानपणापासून वेगळे आहेत. कडू जिभेच्या मागे बसतं, कारल्यासारखं. तुरट गालांना आतून ओढतं, कच्च्या जांभळासारखं. हॉपचा कडवटपणा हवा, तुरटपणा दोष. फ्रीजमधल्या कॅनमध्ये तुरटपणा शून्य होता, म्हणजे गाळण नीट झाली. दाटपणाही जागेवर होता. रायचा हात सुटला तर बिअर भिजवलेल्या जवसाच्या पाण्यासारखी बुळबुळीत होते, तसं इथे अजिबात नाही. प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास असावं असा आमचा अंदाज. लेबलवर ते नाही, आणि ‘राय’ हा शब्द एवढ्या मोठ्या अक्षरात छापल्यावर ते असायला हवं होतं.

चाखण्याची पद्धत सांगतो, कारण यातल्या अर्ध्या गोष्टी चुकल्या तर आमचे गुण तुम्हाला पटणार नाहीत. कॅन २४ तास फ्रीजमध्ये उभे ठेवले, आडवे नाही, म्हणजे गाळ तळाशी बसतो. फ्रीजमधून काढल्यावर ४ अंशांची बिअर ८ अंशांवर येऊ दिली. एप्रिलच्या खोलीत याला फार वेळ लागत नाही, ग्लासात ओतल्यावर तर चार-पाच मिनिटांत काम होतं. स्वयंपाकातला सुईचा थर्मामीटर पुरतो. बर्फात गोठवलेला मग मात्र नको. २-३ अंशांवर हॉपचा वास ग्लासातून उठतच नाही, नुसता कडवटपणा उरतो, आणि मग लोक म्हणतात की आयपीए कडू असते.

ग्लास ट्युलिपचा, किंवा साधा वाइनचा, वर निमुळता होणारा. त्यात १५० मिली ओतायची, वरची जागा वासासाठी. भांड्याच्या साबणाचा पातळ थर राहिला की फेस एका मिनिटात बसतो, म्हणून ग्लास खाण्याच्या सोड्याने घासून, भरपूर पाण्याने धुऊन, पालथा वाळवायचा. कापडाने पुसायचा नाही. ओतल्यावर आतल्या काचेला बुडबुडे चिकटून बसले तर ग्लास अस्वच्छ आहे असं समजा, बिअरला दोष देऊ नका.

तोंड साफ करायला पाणी आणि बिनमिठाचे मुरमुरे. चिवडा नको, कारण मीठ कडवटपणा दाबतं. आणि खर्रा खाऊन कुणी चाखायला बसू नये. सुपारीचा तुरटपणा आणि तंबाखू-चुन्याची धग जिभेवरून उतरायला दोन तास तरी द्या. नागपुरात हे सांगणं भाग आहे.

मग तीन ग्लास, दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी, चिठ्ठ्या ग्लासाखाली, ओतणारा चाखणार नाही. चाखणाऱ्या तिघांनीही वेगळा ग्लास वासावरच ओळखला. तीन माणसं म्हणजे काही शास्त्र नव्हे, पण फरक इतका ढळढळीत होता की दुसरी फेरी घ्यावी लागली नाही.

फ्रीजमधला कॅन. रंग घासलेल्या तांब्याचा, किंचित धुरकट, राय असताना ते साहजिक. फेस दोन बोटं, पांढरट, दाट, आणि प्रत्येक घोटानंतर काचेवर त्याचं जाळं उरतं. वास पहिल्यांदा संत्र्याच्या सालीचा. फोडीचा नव्हे, सालीचा: अंबिया बहराचं संत्रं सोलताना नख सालीत घुसतं आणि तेलाचे बारीक शिंतोडे उडतात, तो वास. त्यामागे पपनस, त्यामागे राळ. अमेरिकन हॉपची ही ठेवण ओळखीची आहे, १९७२ साली आलेल्या कॅस्केड या जातीपासून चालत आलेली. लेबलवर सेंटेनिअल आणि सिमको अशी हॉपच्या जातींची नावं आहेत, आणि राळ सिमकोचीच वाटते. चवीत आधी भाजक्या धान्याचा गोडवा, मग कडवटपणा सरळ रेषेत चढतो, शेवटी भाकरीचा तो पापुद्रा आणि मिरी. लोण्याचा वास नाही, हे मुद्दाम नोंदवतो. भरपूर ड्राय-हॉपिंग केलेल्या, म्हणजे उकळून झाल्यावर टाकीत पुन्हा हॉप घातलेल्या, बिअरमध्ये हॉपमधली एन्झाइम्स उरलेली साखर पुन्हा मोकळी करतात, आंबवणं परत सुरू होतं आणि घाईने पॅक केलं तर डायअसिटिल राहतं, पॉपकॉर्नच्या लोण्यासारखं. इथे टाकीत पुरेसा वेळ दिलेला दिसतो.

तक्रार एकच, पण खरी: शेवट हवा तेवढा कोरडा नाही. कॅरामल माल्ट जास्त पडलं आहे. राय स्वतःच भरीव असते, तिच्यावर टॉफीसारखा गोडवा चढवला की दोन्ही एकमेकांच्या पायात येतात. कॅरामल माल्ट पाच टक्क्यांच्या आत ठेवलं असतं तर हीच बिअर आणखी दोन-तीन गुण घेऊन गेली असती. गुणांची फोड: वास १२ पैकी ९, रूप ३ पैकी ३, चव २० पैकी १६, तोंडातला स्पर्श ५ पैकी ४, एकूण ठसा १० पैकी ७.

रॅकवरचा कॅन. रंग एक छटा गडद, चहाकडे झुकणारा. फेस येतो पण लवकर बसतो. संत्र्याची साल गायब, पपनसही. त्यांच्या जागी मध, मनुका आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास. पावसाळ्यात भिजलेलं पुठ्ठ्याचं खोकं उघडताना येतो, तसाच. हे ऑक्सिडेशन, म्हणजे ऑक्सिजनमुळे बिअर शिळी होणं. कडवटपणा कमी झाला आहे आणि जो उरला तो खरखरीत. गंमत एवढीच की राय जशीच्या तशी आहे. दाटपणा, भाजकेपणा, मिरी, सगळं जागेवर. धान्य उष्णतेत टिकतं, हॉपचं तेल टिकत नाही. हॉपशिवाय ही बिअर गोडसर आणि जड लागते. वास ४, रूप २, चव १०, स्पर्श ४, ठसा ४.

ब्रुअरींमध्ये एक ढोबळ हिशेब चालतो: ३ अंशांवर ३०० दिवसांत बिअरची जेवढी झीज होते तेवढी २२ अंशांवर ३० दिवसांत आणि ३२ अंशांवर तीनच दिवसांत होते. आकडे काटेकोर नाहीत, दिशा मात्र पक्की आहे. आता एप्रिल-मे महिन्यातलं नागपूर डोळ्यांपुढे आणा. बाहेर ४३-४४ अंश, दुपारी शटर ओढलेलं, पंखाही बंद. त्या रॅकवर बिअर आठवडाभर राहिली तरी ती म्हातारी होते. कॅनमुळे उजेडापासून संरक्षण मिळतं, हिरव्या किंवा पांढऱ्या बाटलीत हॉपच्या बिअरला उन्हाने येणारा घाणेरडा, कुजका वास इथे येणार नाही. पण उष्णता पत्र्यातून आरपार जाते.

म्हणून विकत घेताना आधी तारीख बघा, पॅक केल्याची. या बिअरसाठी फ्रीजमध्ये तीन महिने ही आमची मर्यादा. रॅकवर असेल तर मार्च ते जून घेऊच नका. हाताला गार लागला एवढ्यावर विश्वास ठेवू नका, कॅन सकाळीच रॅकवरून फ्रीजमध्ये सरकवलेला असू शकतो. दुकानदाराला सरळ विचारा की माल येतो तेव्हा कुठे उतरतो आणि रात्री फ्रीज चालू असतो का. काही ठिकाणी वीज वाचवायला तो बंद करतात. चांगला दुकानदार या प्रश्नाने चिडत नाही. घरी नेताना कॅन गाडीच्या डिकीत टाकून वाटेत दुसरी कामं उरकू नका, उन्हात उभ्या गाडीची डिकी रॅकपेक्षा वाईट. आणि वर्ध्याकडे जायचं असेल तर कॅन घरीच राहू द्या, तो जिल्हा दारूबंदीचा आहे.

सोबत काय खावं? सावजी मटण नको. हॉपचा कडवटपणा आणि बिअरमधला वायू तिखटाला आणखी पेटवतात, त्यात तर्रीचं तेल जिभेवर बसलं की संत्र्याची साल कुठली आणि राळ कुठली, काही कळत नाही. सावजीला साधी गार लागर बरी. संत्रा बर्फीही नको, तिच्या गोडव्यापुढे बिअर पाणचट आणि कडूजहर लागते. सांबारवडी (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर) मात्र घ्या, कमी तिखट, गरम, तेल निथळलेली. सांबाराचा हिरवा वास हॉपच्या वासात सहज मिसळतो, आतलं खोबरं आणि खसखस रायच्या भाजकेपणाला धरून राहतात, आणि कडवटपणा वरच्या पारीचं तेल धुऊन नेतो. गोळाभातही, म्हणजे बेसनाचे गोळे घातलेला भात, चांगला जमतो, फक्त वरून ओतायच्या फोडणीत मिरची निम्मी ठेवा आणि हिंग जपून घाला, जास्त झाला तर तो राळेवर मात करतो.