चौसष्टचा आकडा: सापाच्या टाकीसाठी 'ह्युमिडिटी सेट' घेण्याआधी वाचा

इंदूर, देवास, उज्जैन या भागात एक माणूस सापांच्या टाकीसाठी 'ऑटोमॅटिक ह्युमिडिटी सेट' घरपोच विकतो आहे. पांढरा प्लास्टिकचा डबा, त्यावर लाल आकडे, वायरच्या टोकाला सेन्सर आणि पाण्यात बुडवायचा, धुकं सोडणारा छोटा फॉगर. भाव ७,८०० रुपये, फिटिंगसकट. आम्ही तो घेतला होता. सेन्सर बिघडलेला निघाला असता तर बदलून घेतला असता. पण त्या डब्याला सेन्सर मुळात नाहीच. वायर आहे, टोपण आहे, आत काही नाही. आणि तरीही डब्यावर आकडा चढतो, स्थिरावतो, एखाद-दुसऱ्या अंकाने हलतोसुद्धा. म्हणूनच हे सविस्तर लिहिते आहे.

आमच्याकडे बॉल पायथन आहे, मुलाचा. सदा गुंडाळी करून बसतो म्हणून त्याचं नाव चकली. (विचारणारे असतातच, म्हणून सांगते: हा आफ्रिकेतला साप, साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातला, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद केलेली आहे. आपल्याकडची धामण, मांडूळ, अजगर घरी ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. मांडुळाच्या नावावर जे उद्योग चालतात त्यावर लिहायला बसलं तर हा लेख राहील बाजूला.)

या सापाला साधारण ५५ ते ६५ टक्के आर्द्रता लागते, कात टाकायच्या वेळी त्याहून जरा जास्त. इंदूरचा उन्हाळा कसा असतो ते इथल्यांना सांगायला नको. रात्री माळव्याची हवा सुखावते, पण दुपारी दोरीवरचे कपडे बघता बघता कडक होतात. त्यात टाकी काचेची, वर जाळीचं झाकण आणि झाकणावर उबेचा दिवा. दिवा लागला की गरम हवा जाळीतून वर निघून जाते आणि खोलीतली कोरडी हवा आत येते. शिवाय हवा तापली की तिची पाणी धरायची ताकद वाढते, आणि आर्द्रतेचा आकडा त्या ताकदीच्या किती टक्के पाणी हवेत आहे तेच सांगतो. २५ अंशांना ६० टक्के ओल असलेली हवा ३२ अंशांपर्यंत तापवा. तिच्यातलं पाणी तेवढंच राहील, पण आकडा ४० वर येईल. म्हणजे ऊब द्यावी तर ओल जाते आणि ओल द्यावी तर गारवा येतो. साप पाळणारा प्रत्येक जण या कात्रीत सापडलेला असतो आणि 'सगळं आपोआप होईल' म्हणणाऱ्याला नेमकं हेच गिऱ्हाईक हवं असतं.

ओळखीतून नंबर मिळाला. माणूस स्कूटरवरून आला, पाठीला सॅक, बोलणं गोड. आल्या आल्या त्याने आमच्या टाकीतलं घड्याळासारखं काट्याचं मीटर बोटाने टिचकावलं. "भाभीजी, ये तो खिलौना है, दस-पंद्रह परसेंट ऊपर-नीचे बताता है." यात खोटं काही नव्हतं, स्वस्तातली काट्याची मीटरं खरंच तशी असतात. मग जाळीच्या झाकणाबद्दल बोलला, तेही बरोबर. ओल कमी पडली तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते, डोळ्यावरची चकती (कातीबरोबरच निघायचं पारदर्शक खवलं) अडकते, हेही बरोबर. एक खोटी वस्तू विकायच्या आधी हा माणूस चार गोष्टी खऱ्या सांगतो. मुलाने आधीच वाचून ठेवलेलं तो पाठ म्हटल्यासारखं बोलत होता, त्यामुळे मुलगा अर्ध्या तासात त्याचा शिष्य.

मग प्रात्यक्षिक. डब्याची पिन खोचली, आकडा आला ३८. फॉगर सुरू झाला, टाकीत पांढरं धुकं भरलं आणि आकडा चढायला लागला. ४१, ४६, ५३. चहा होईपर्यंत ६४ वर थांबला आणि फॉगर 'टक्' करून बंद. बघायला फार सुरेख होतं ते. पैसे क्यूआर कोडवर दिले. खात्यावर नाव दुसऱ्याचं होतं. "भाई का अकाउंट है." बिल मागितलं तर "पक्का बिल चाहिए तो अठारह परसेंट अलग से." वहीतल्या कागदावर रक्कम आणि तारीख लिहून मिळाली, वर "एक साल की वारंटी, ज़बान दी है."

पुढच्या काती वेळी चकलीचे डोळे दुधी-निळे झाले, मग निवळले. इथवर ठीक. पण मोज्यासारखी अखंड उतरायची ती कात चिंध्या होऊन निघाली. पाठीवर पापुद्रे, शेपटीच्या टोकाला घट्ट वळं आणि उजव्या डोळ्यावर जुनी चकती तशीच. डब्यावर मात्र ६४. फोन केला तर उत्तर, "मौसम का असर है, पहली बार ऐसा होता है." उपाय म्हणून फॉगरच्या पाण्यात टाकायचं 'शेडिंग टॉनिक', ४५० रुपयांची बाटली. त्याला गुलाबपाण्याचा वास होता.

या धंद्याची सगळी मेख काळाच्या अंतरात आहे. दिवा गेला तर साप गार पडतो, त्याच दिवशी कळतं. उंदीर खाल्ला नाही तर दिसतं. ओल कमी पडल्याचं मात्र त्या दिवशी काहीच दिसत नाही. साप शांत पडून असतो, कारण तो एरवीही शांतच पडून असतो. काही आठवड्यांनी कात येते तेव्हा कुठे पत्ता लागतो, आणि तोवर विकणाऱ्याकडे बोट दाखवायला ऋतू असतो, खाणं असतं, सापाचं वय असतं, तुमची देखभाल असते. प्रत्येक कारणाबरोबर एक नवी बाटली. आणि टाकीवर तर ६४ लिहिलेलंच असतं, त्यामुळे आपणही ओल सोडून बाकी सगळं तपासत बसतो.

हे उघडकीला आणलं अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. अण्णा १९९१ साली मिल बंद पडेपर्यंत हुकुमचंद मिलमध्ये ह्युमिडिफिकेशन प्लांटवर होते. नव्या मुलांना वाटतं गिरणीत फक्त माग असतात. सुती धागा कोरड्या हवेत तटातट तुटतो, म्हणून विणाई खात्यात ८० टक्क्यांच्या आसपास ओल ठेवावी लागे, आणि ती टिकवणं हे एका अख्ख्या विभागाचं काम होतं. सापाशी अण्णांचं नातं 'ते तुमचं तुम्ही बघा' एवढंच. पण मे महिन्यातल्या एका रात्री लाइट गेली, आली, आणि डबा पुन्हा ३८ पासून चढायला लागला. अण्णा पाणी प्यायला उठले होते. ते टाकीपाशी थांबले.

"अरे, या भांड्यात पाणीच नाही. मग आकडा कशावर चढतोय?"

मुलगा म्हणाला, "आजोबा, सेन्सरला वेळ लागतो."

"लागू दे की वेळ. पाणी कुठून लागणार?"

पाण्याची वाटी कोरडी ठणठणीत, फॉगर नुसता घरघरतोय, आणि आकडा ४६, ५३, ६४. अण्णांनी पिन काढून परत लावली. ३८. पुन्हा काढली, सेन्सरची वायर टाकीबाहेर घेऊन कूलरच्या तोंडाशी धरली, पिन लावली. ३८, ४१, आणि शेवटी ६४. आमच्या घरात त्या रात्री कोणी झोपलं नाही.

सकाळी अण्णांनी भिंतीवर टांगायचे दोन साधे थर्मामीटर मागवले. जुन्या मलमलच्या धोतराची पट्टी ओली करून एकाच्या फुग्याला गुंडाळली. दोन्ही टाकीत धरले आणि वर्तमानपत्राच्या घडीने जोरजोरात वारा घातला, कारण हवा खेळती नसेल तर ओला पारा पुरता खाली येत नाही. चकली तेवढा वेळ उशीच्या अभ्र्यात. पारा थांबला तेव्हा कोरडा ३२ वर होता, ओला २० वर. ओल्या कापडातलं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी तितकं ते जास्त उडतं आणि दोन पाऱ्यांतलं अंतर वाढतं. बारा अंशांचं अंतर बघून अण्णा म्हणाले, "तेहतीसच्या वर नाही." मुलाने मोबाइलवर तक्ता काढून पाहिला. तेहतीस. डब्यावर चौसष्ट, जवळजवळ दुप्पट.

धोतर आणि वर्तमानपत्र सगळ्यांना जमणार नाही, पण मिठाची चाचणी कोणालाही जमेल. बाटलीच्या बुचात साधं मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूइतपत भिजवा. विरघळू देऊ नका. ते बूच आणि मीटर एका घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, मीठ मीटरला लागू देऊ नका. वायरवाला सेन्सर असेल तर टोक आत सोडून तोंड चिकटपट्टीने बंद करा. रात्रभर ठेवा, चोवीस तास ठेवलंत तर उत्तम. ओल्या मिठावरची बंद हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, हा पदार्थाचा गुण आहे, इंदूर असो की कोची. चांगलं मीटर ७५ च्या आसपास दाखवील. ७१ दाखवलं तर त्यात चार मिळवून वाचत जा, चालतं. आमच्या डब्याने काय दाखवलं ते तुम्ही ओळखलं असेल.

त्यानंतर स्क्रू काढले. सेन्सरच्या टोपणात वायरची दोन टोकं गोंदाच्या गोळीत रुतवलेली, एकमेकांना न चिकटलेली, कशालाच न जोडलेली. डब्यात एक टायमरचा तुकडा, तोच आकडे फिरवतो आणि तोच ठरावीक वेळाने फॉगर लावतो-बंद करतो. म्हणजे हवेत ओल असो वा नसो, एका कोपऱ्यात धुकं पडत राहतं. आमच्या टाकीत त्या कोपऱ्यातला भुसा खालून चिखल झाला होता आणि चकलीच्या पोटाखालचे खवले लालसर दिसायला लागले होते. हवा कोरडी आणि बिछाना ओला, दोन्ही बाजूंनी नुकसान.

महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पोट पाहून औषध दिलं, बिछाना लगेच कोरडा करायला सांगितला, वासाचं काहीही फॉगरमध्ये घालायला सक्त मनाई केली. ते थेट फुफ्फुसात जातं. डोळ्याची चकती चिमट्याने ओढू नका हे दोनदा बजावलं. ओलसर कोमट टॉवेलात सापाला स्वतःहून सरपटू दिलं आणि पेटीत ओल राखली, तर बहुतेकदा ती सुटते. पुढच्या काती वेळी सुटलीच.

त्या माणसाला फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आपने डब्बा खोल दिया ना? तो वारंटी ख़त्म." नंतर नंबर बंद. मुलाने ओळखीच्या पाळणाऱ्यांना त्यांच्या डिस्प्लेचे फोटो मागितले. इंदुरातल्याच विजयनगरचा ६४. देवासच्या मुलाचा ६४, आणि त्याचा फोटो भर पावसाळ्यातला, जेव्हा भिंतींना ओल सुटते. उज्जैनचा ६५, त्याचं आम्हाला कौतुक वाटलं.

तक्रारीबद्दल. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे नोंद होते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत जाता येतं. अडचण एवढीच की समोरच्याचा पत्ता नाही. क्यूआर कोडच्या व्यवहाराचा क्रमांक आहे, त्यावरून खातेदार सापडेल या आशेवर पोलिसांकडेही अर्ज दिला आहे. म्हणून रोख देऊ नका, आणि 'अठारह परसेंट अलग' ऐकलं की ते अठरा टक्के भरून पक्कं बिल घ्या. ते देता येत नसेल तर माणूस आपणच सॅक उचलून निघून जाईल.

सध्या आमच्या टाकीत फॉगर नाही. जाळीच्या झाकणाचा बराचसा भाग दिव्याची जागा सोडून फॉइलने झाकला आहे. खाली नारळाच्या सोडणाचे तुकडे चांगले जाड पसरलेत. कडेने पाणी ओततो, खालचा थर ओला राहतो, वरचा कोरडा. पाण्याचं भांडं मोठं केलं. कात जवळ आली की झाकणाला भोक पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात ओलं मॉस भरून ठेवतो, चकली आपणहून आत जाऊन बसते. महाराणी रोडवरून दोन डिजिटल मीटर आणली. एक मिठाच्या बरणीत ७३ वर थांबलं, दुसरं ७६ वर. या सगळ्याला डब्याच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्याइतकेही पैसे लागले नाहीत. उन्हाळ्यात ५८-६० मिळते, पावसाळ्यात उलट फॉइल काढावी लागते.

तुमच्याकडे असा पांढरा डबा असेल तर तो फेकू नका आणि स्क्रूही खोलू नका. फॉगरची वाटी रिकामी करा, पिन काढून परत लावा आणि आकडा ३८ पासून ६४ पर्यंत चढतानाचा सलग व्हिडिओ काढा. चौकटीत रिकामी वाटी दिसली पाहिजे. तो व्हिडिओ आणि पैसे दिल्याची पावती तुमच्या तक्रारीला जोडा. एकाच खात्यावर चार तक्रारी गेल्या तर आमच्या अर्जालाही वजन येईल.