न्यू ऑर्लीन्समध्ये एकच रात्र: प्रिझर्वेशन हॉल की फ्रेंचमेन स्ट्रीट?

भाचीला न्यू ऑर्लीन्समध्ये एकच रात्र मिळतेय आणि जुना जॅझ ऐकायचाय. "मामा, नक्की कुठे जाऊ?"

प्रिझर्वेशन हॉल ही जुन्या जॅझच्या मैफलींची जागा, १९६१ पासूनची. खोली लहान, बाकं मोजकी, बरेचजण उभेच. दारू मिळत नाही. तिकीट आधी काढावं लागतं आणि कार्यक्रम तासाभरात आटोपतो, म्हणजे पैशांच्या मानाने वेळ कमीच. पण वाद्यांचा आवाज थेट कानावर येतो. ट्रम्पेट चाल धरतो, क्लॅरिनेट तिच्याभोवती वरून फिरतो, ट्रॉम्बोन खालून घसरत येतो, आणि तिघं एकाच वेळी वाजत असूनही प्रत्येकजण वेगळा ऐकू येतो. मला तरी याहून मोठं सुख ठाऊक नाही.

फ्रेंचमेन स्ट्रीटवरचा स्पॉटेड कॅट हा बार. एखादं पेय घ्यायचं, वादकांसाठी भांडं फिरलं की हात आखडता घ्यायचा नाही. गप्पांच्या गलक्यात बारकावे हरवतात. मात्र स्विंग, म्हणजे झुलत्या ठेक्याचा जॅझ, सुरू झालं की वादकांसमोरच्या हातभर जागेत जोड्या नाचू लागतात, आणि स्विंग होतंच नाचासाठी.

कान देऊन ऐकायचं असेल किंवा मुलं सोबत असतील, तर हॉल. पाय स्वस्थ बसत नसतील, रात्र मोकळी असेल, तर फ्रेंचमेन स्ट्रीट. भाची स्वतः क्लॅरिनेट शिकतेय. तिला मी हॉलचंच तिकीट काढायला सांगितलं.