युनि-टी यूटी२१०ई क्लॅम्प मीटर: जुन्या गाडीतलं लीकेज शोधायला कितपत कामाचा?

खासगी गाडीला १५ वर्षं झाली की पासिंगला नेण्याआधी जादा हॉर्न, फॉग लॅम्प, अलार्म, अँप्लिफायर असं सगळं उतरवून घेतात. वस्तू निघतात, पण त्यांच्या तारा, रिले (विजेने चालणारे स्विच) आणि टेपच्या गुंडाळ्या डॅशबोर्डच्या पोटात तशाच राहतात. पुढे येणाऱ्या तक्रारी दोनच जातींच्या: नको तिथून करंट जातोय, म्हणजेच लीकेज, नाहीतर हवा तिथे पोचत नाहीये. तार न सोडता तिच्याभोवती जबडा लावून करंट मोजणारा यूटी२१०ई पहिल्या तक्रारीवर फार चांगला चालतो. दुसरीवर तो साध्या मल्टिमीटरइतकाच, ना कमी ना जास्त.

आधी खरेदीबद्दल. घरगुती कामाच्या वायरमनकडे असतो तो टाँग टेस्टर, म्हणजे असाच जबड्याचा मीटर, बहुधा फक्त एसी मोजतो, गाडीच्या डीसीवर त्याचा काही उपयोग नाही. डीसीसाठी जबड्यात चुंबकत्व ओळखणारा हॉल सेन्सर लागतो, आणि लीकेज शोधायचं तर बारीक रेंजही लागते. यूटी२१०ईला २, २० आणि १०० अँपच्या रेंज आहेत. २ अँपच्या रेंजवर तो १ मिलिअँपच्या पायरीने वाचतो. त्याच मालिकेतला डी दिसायला जवळपास तसाच, पण त्याची पायरी १० मिलिअँपची. ए आणि बी तर डीसी करंट मोजतच नाहीत. पुण्याच्या तापकीर गल्लीत घ्या नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, खोक्यावरचं शेवटचं अक्षर स्वतः वाचा. ‘सेमच आहे साहेब’वर जाऊ नका.

साधा मल्टिमीटर सिरीजमध्ये, म्हणजे करंटच्या वाटेतच, लावून हे होत नाही का? होतं, पण त्यासाठी बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडावी लागते. ती सोडली की घड्याळ आणि स्टिरिओची मेमरी जाते, आणि चिकटून बसलेला रिले सुटला तर ज्याला शोधायचं तेच गायब होतं. मीटर लावलेला असताना कुणी चावी फिरवली तर मीटरचा १० अँपचा फ्यूज उडतो. यूटी२१०ईत करंटसाठी प्रोबचं सॉकेटच नाही, त्यामुळे उडायला फ्यूजही नाही.

वापरायची रीत अशी. बॅटरी चार्ज करून १२.६ व्होल्टच्या आसपास आणा. चावी काढा, दार उघडं ठेवायचं असेल तर त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करा आणि छताचा दिवा विझल्याची खात्री करा. डिकीचा दिवा हमखास विसरतात. मग २० ते ३० मिनिटं गाडीला हात लावू नका, सेंट्रल लॉकिंगच्या युनिटलाही झोपायला वेळ लागतो. आता २ अँपच्या रेंजवर, जबडा रिकामा आणि बंद ठेवून, जिथे लावायचाय तिथेच आणि त्याच कोनात धरून झीरो दाबा. कोन बदलला तर पृथ्वीच्या चुंबकत्वानेही आकडा सरकतो, आणि ज्यांना हे माहीत नसतं ते मीटरला नावं ठेवतात. बॅटरीच्या निगेटिव्हवरून जाड केबलबरोबर बॉडीला जाणारी बारीक तारही असते. दोन्ही एकत्र जबड्यात घ्या. जबडा १७ मिलिमीटर उघडतो, लहान गाडीला तेवढा पुरतो.

५० मिलिअँपच्या आत आकडा आला तर प्रश्न नाही. ३०० दिसले, तर ३५ अँपिअर-अवरची बॅटरी हिशोबाने ११६ तासांत रिकामी होईल, पण सेल्फ (स्टार्टर) त्याच्या कितीतरी आधी, दोन-तीन दिवसांतच, हात टेकतो. मग जबडा तिथेच ठेवून एकेक फ्यूज काढायचा आणि आकडा कोसळेल तिथे थांबायचं. सगळे फ्यूज काढूनही आकडा ढिम्म असेल तर करंट फ्यूजबॉक्सच्या आधीच कुणीतरी घेतोय: अँप्लिफायरची थेट बॅटरीवरून ओढलेली जाड तार, हेडलाइटचं रिले किट, नाहीतर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर. हा शेवटचा संशय पडताळायला तर क्लॅम्पसारखं दुसरं काही नाही. इंजिन बंद ठेवून अल्टरनेटरच्या जाड केबलवर जबडा लावा, आकडा शून्याला चिकटून हवा. तिथे १००-२०० मिलिअँप दिसले तर त्यातला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेलाय, बिचाऱ्या स्टिरिओवाल्याचा काही दोष नाही. एखाद्या बारीक तारेवर संशय असेल आणि तिला ढील असेल तर जबड्यातून ५ वेढे घ्या आणि आकड्याला ५ने भागा, बारकावा वाढतो.

सर्किट सापडलं की पुढचं काम डोळ्यांचं. बाहेरून बसवलेल्या बहुतेक स्टिरिओंना पिवळी तार कायम करंटची, लाल चावीची, काळी अर्थची (बॉडीला जोडायची), निळी अँटेनाची, निळी-पांढरी अँप्लिफायर चालू करण्याची आणि केशरी दिव्यांची असते. चावीशिवाय गाणी लागावीत म्हणून बसवणाऱ्याने गाडीकडची लाल आणि पिवळी पिळून एकत्र केलेली असते. स्टिरिओ निघतो, पीळ तसाच राहतो, आणि बॅटरीचा करंट उलटा चावीच्या लाइनमध्ये शिरतो. खूण सोपी: चावी काढल्यावरही लायटरच्या सॉकेटला १२ व्होल्ट. केशरी तारेचं उघडं टोक ब्रॅकेटला लागलं तर टेल लॅम्पचा फ्यूज जातो. बऱ्याच गाड्यांत त्याच फ्यूजवर नंबर प्लेट आणि डॅशबोर्डवरच्या मीटरचे दिवेही असतात, म्हणून तिन्ही एकदम गेले की आधी डॅशबोर्डमध्ये बघा, मागे नव्हे. अँप्लिफायरची जाड तार सोडायची ती बॅटरीकडून. सीटखालचं टोक टेपने गुंडाळून बॅटरीकडचं तसंच ठेवणं म्हणजे कार्पेटखाली आगीची सोय.

आता दुसरी जात, हवा तिथे करंट न पोचण्याची. अलार्म काढल्यावर सेल्फ मेला, तर बहुतेक वेळा सेल्फ कट करणारा रिले निघालाय आणि मूळ तारेची दोन टोकं लोंबताहेत. ती रिलेच्या ३० आणि ८७ए या पिनांवर होती. ८५-८६ कॉइलच्या, त्यांना हात लावू नका. ३० आणि ८७एची टोकं थेट जोडायची, सोल्डर करून वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) घालायची. इन्सुलेशन टेपचा गोंद उन्हाळ्यात वितळतो आणि जोड उघडा पडतो.

इथे कंटिन्युइटीचा, म्हणजे तार सलग आहे का ते सांगणारा, बझर दगा देतो. तारेचा एकच केस शाबूत असला तरी तो टिंग करतो, पण त्या केसातून दिवा पेटत नाही. २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब लोड म्हणून लावा, म्हणजे पावणेदोन अँपच्या आसपास करंट जाईल, आणि मग जोडाच्या दोन बाजूंमधला व्होल्टेज बघा. ०.१ व्होल्टच्या वर असेल तर जोड खराब. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, अशी तक्रार असेल तर दोष अर्थच्या जोडाचा. जादा वस्तूची काळी तार कंपनीच्या अर्थ बोल्टखालीच दिलेली असते, काढताना बोल्ट ढिला राहतो आणि खाली गंज धरतो. सेल्फ मारताना बॅटरीचा निगेटिव्ह खांब आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इंजिनची अर्थ केबल सोडून घासा.

उणिवा आहेत. वाट बघता बघता मीटर आपोआप बंद होतो आणि झीरो पुन्हा घ्यावा लागतो. सेल्फचा करंट मोजायला १०० अँपची रेंज तोकडी पडते, आणि जास्त करंटच्या केबलवर लावला की जबड्यात चुंबकत्व उरतं. मग दोन-चार वेळा उघडझाप करून पुन्हा झीरो घ्यावा. दोन एएए सेल लागतात, उतरलेल्या सेलवर वाचन भटकतं. प्रोबची टोकं जाड आहेत, कपलरच्या (तारा जोडणाऱ्या प्लास्टिकच्या प्लगच्या) मागून तारेपर्यंत जात नाहीत. त्यासाठी बारीक पिनांचे प्रोब वेगळे घ्या. तारेचं इन्सुलेशन टोचून करंट बघायची सवय असेल तर ती सोडा, टोचलेल्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं आणि तार आतून हिरवी पडते.