करवंटीच्या कार्बनचा फिल्टर: शिशासाठी घ्या, ‘सर्व जड धातूं’साठी नको

ओट्याखाली बसवायचा कार्बन ब्लॉक फिल्टर, नारळाच्या करवंटीच्या कोळशाचा. कंपनीचं नाव देत नाही, कारण खोक्यावरचा दावा सगळ्यांचाच सारखा असतो: ‘सर्व जड धातू काढतो’.

मी भोसरीला प्लेटिंगच्या शॉपमध्ये लॅब सांभाळायचे. निकेलचा बाथ, म्हणजे मुलामा चढवायचं निकेलचं द्रावण, खराब झाला की आम्ही त्यात हाच अॅक्टिव्हेटेड कार्बन टाकायचो. ब्राइटनरची, म्हणजे चकाकीसाठी घातलेल्या रसायनाची, सडलेली घाण तो ओढून घ्यायचा आणि निकेल जवळजवळ सगळं बाथमध्येच राहायचं. म्हणून तर तो वापरायचा! तेव्हा ‘सर्व’ वाचून मला हसू आलं.

तरी घेतला, कारण आमच्या पाण्यात शिसं निघालं होतं. बिल्डिंग जुनी, पाईप जुन्या पीव्हीसीचे. त्या काळी पीव्हीसी टिकावं म्हणून त्यात शिशाचं स्टॅबिलायझर सर्रास घालत. उकळून शिसं जात नाही, उलट पाणी आटतं तसं घट्ट होतं. मग निकेल सोडणारा कार्बन शिसं कसं धरतो? बाथ आम्लधर्मी असतो, नळाचं पाणी सातच्या वरच्या पीएचचं, म्हणजे किंचित अल्कधर्मी. अशा पाण्यात शिसं कार्बनला बऱ्यापैकी धरतं. फिल्टरनंतरचा नमुना लॅबला दिला, तर लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या खाली आला. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकाची, आयएस १०५०० ची, मर्यादा तेवढीच आहे. क्लोरीनचा वासही गेला, चहा सुधारला.

दुकानदाराने मात्र टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजायचा मीटर बुडवून दाखवला. दादा, त्यात शिसं दिसत नाही हो! मीटर मोजतो लिटरला शेकडो मिलिग्रॅममध्ये, शिशाचा प्रश्न मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागात. शिवाय कार्बनने टीडीएस उतरतच नाही. क्षार होते तेवढेच राहिले, कुकरचा पांढरा थरही तसाच.

आर्सेनिक असेल तर नुसत्या कार्बनवर विसंबू नका, त्याला लोहाचा लेप दिलेलं माध्यम लागतं. हेक्झा क्रोमचंही, म्हणजे क्रोमियमच्या विषारी रूपाचंही, तेच, बोअरच्या अल्कधर्मी पाण्यात त्याचा भरवसा नाही. अशा वेळी आरओ बरा. फ्लोराइड तर धातूच नाही, पण लोक विचारतात म्हणून सांगते: तेही यातून जात नाही.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, चुलीतला करवंटीचा कोळसा कुटून घातला तर? नाही चालणार. फिल्टरमधला कोळसा आठशे-नऊशे अंशांवर वाफ देऊन पोखरलेला असतो. एका ग्रॅमच्या छिद्रांचा पृष्ठभाग मिळून साधारण १००० चौरस मीटर, म्हणजे दहा गुंठे जमीन. चुलीतून ती निघत नाही.

घेताना दाणेदार नको, ब्लॉकच घ्या, आणि शिशासाठी एनएसएफ ५३ या अमेरिकन फिल्टर-मानकाचा दाखला मागा. नुसता ४२ असेल तर तो चव-वासाचा. धार बारीक येते, घागर भरायला वेळ लागतो. ते चांगलंच आहे, पाणी कार्बनजवळ थांबायला हवं. सुरुवातीचं काळं पाणी कुंड्यांना घाला.

रेटिंगमधला एक तारा कापला तो कार्ट्रिज संपल्याचं कळत नाही म्हणून. वास येत नाही म्हणजे शिसंही अडतंय, असं मुळीच नाही. खोक्यावरच्या मुदतीआधीच बदला, वर्षातून एकदा लॅबमध्ये नमुना द्या, आणि हाउसिंगचा, म्हणजे कार्ट्रिज बसतो त्या डब्याचा, ओ-रिंग जास्तीचा घेऊन ठेवा. आमच्याकडे तोच पहिला गळायला लागला.