लीज लाइनचे आठ महिने आणि शेवटचे सहाशे मीटर

लातूरच्या ट्यूशन एरियातील आमच्या क्लाससाठी आम्ही गेल्या जुलैत 50 एमबीपीएसची लीज लाइन, म्हणजे फक्त आपल्यासाठी राखून ठेवलेली इंटरनेट जोडणी, घेतली. परवा मंगळवारी ती साडेनऊ तास बंद पडली, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी 200 एमबीपीएसचे ब्रॉडबँड होते. त्याच्या पाव वेगासाठी कितीतरी पट भाडे, तेही वर्षभराचे आगाऊ आणि वर 18 टक्के जीएसटी, ही मला निव्वळ उधळपट्टी वाटली होती. पहिल्याच आठवड्यात मत बदलले. संध्याकाळी सातला ब्रॉडबँडचे अपलोड कोसळत असे आणि उदगीर-अहमदपूरच्या मुलांना फळ्यावरचे समीकरण अर्धवटच दिसत असे. लीज लाइनवर अपलोडही पूर्ण 50 मिळते आणि ते कोणाशी वाटून घ्यावे लागत नाही. तीन वर्ग एकाच वेळी लाइव्ह असूनही चित्र अडकले नाही.

माझा राग आहे तो केबलवर. सर्व्हेच्या वेळी भूमिगत केबलचा नकाशा दाखवला होता. प्रत्यक्षात शेवटचे सहाशे मीटर ती विजेच्या खांबांवरून लोंबत आली. खोदाईची परवानगी मिळाली की खाली घेऊ, असे सांगितले गेले आणि लाइन सुरू झाल्याच्या आनंदात मी कमिशनिंगच्या, म्हणजे लाइन चालू करून मिळाल्याच्या, कागदावर सही केली. ती करायला नको होती, कारण त्याच तारखेपासून बिल सुरू झाले आणि केबल खाली घेण्याची कोणालाच घाई उरली नाही.

मंगळवारी पहाटे उसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली त्या केबलखालून गेली आणि केबल ओढून घेऊन गेली. पर्यायी म्हणून ठेवलेले जुने ब्रॉडबँडही त्याच क्षणी गेले, कारण त्याची तारही त्याच खांबांवर होती. तुटलेली फायबर केबल जोडणारे स्प्लायसिंग मशीन सोलापूरहून यायला दुपार झाली. तंत्रज्ञाने केबलमधला केसाइतका बारीक काचेचा तंतू सोलून, पुसून, कापून मशीनमध्ये ठेवला आणि पडद्यावर दोन टोके जुळली तेव्हा जोडातला प्रकाशाचा तोटा 0.02 डीबी, म्हणजे नगण्य, दिसला. त्याच्या कामात काडीची खोट नव्हती.

करारात 99.5 टक्के अपटाइमची, म्हणजे तेवढा वेळ लाइन चालू राहण्याची, हमी आहे; म्हणजे 30 दिवसांत 3 तास 36 मिनिटे बंद राहण्याची मुभा. कंपनीने मात्र तिऱ्हाइताने केबल तोडली म्हणून साडेनऊच्या साडेनऊ तास हिशेबातून वगळले. केबल कबूल केल्याप्रमाणे जमिनीखाली असती तर ट्रॉलीचा तिला धक्काही लागला नसता, हे मी तीन ईमेलमध्ये लिहिले आहे. उत्तर आलेले नाही. लाइन सोडणार नाही, पण भूमिगत केबलची अट लेखी आल्याशिवाय जुलैचे आगाऊ भाडे भरणार नाही. ब्रॉडबँडची तार कालच मागच्या गल्लीतून ओढून घेतली.