कोटी हुकते ती ‘र’मुळे : ‘आय’म सॉरी आय हॅवन्ट अ क्लू’

नाट्यपंढरी सांगलीत शाब्दिक कोटीला दाद देणारे कान घरोघरी आहेत. त्यांनी बीबीसी रेडिओ ४ चा हा विनोदी खेळांचा कार्यक्रम जरूर ऐकावा. १९७२ पासून चालू आहे, भाग अर्ध्या तासाचा, समोर खरे प्रेक्षक.

इंग्रजी उत्तम असूनही पहिल्या भागात निम्म्या कोट्या डोक्यावरून जातात. दोष शब्दसंग्रहाचा नसतो, ‘र’चा असतो. आपण इंग्रजी डोळ्यांनी शिकतो आणि लिहिलेला प्रत्येक ‘र’ उच्चारतो. लंडनकडची माणसं व्यंजनाआधीचा आणि शब्दाच्या शेवटचा ‘र’ गिळतात. आपले ‘सोर्स’ आणि ‘सॉस’ त्यांच्या तोंडी एकच! नुसतं ‘पॉ’ कानावर आलं तर तो प्राण्याचा पंजा असेल, ओतणं असेल, त्वचेचं छिद्र असेल, पुष्कळांच्या तोंडी ‘गरीब’सुद्धा. हशा पिकला आणि काही कळलं नाही, तर दहा-पंधरा सेकंद मागे जा, शेवटचा शब्द ‘र’ काढून मोठ्याने म्हणा. बहुतेक वेळा कोटी तिथेच हाती लागते. हेडफोन हवाच, मोबाइलच्या स्पीकरवर शब्दाचं शेपूट हशात बुडतं.

सुरुवात ‘अक्सब्रिज इंग्लिश डिक्शनरी’ या फेरीपासून करा. ओळखीचा शब्द फोडून नवा अर्थ लावायचा. मराठीत सांगायचं तर, उपवास : शेजारच्या स्वयंपाकघरातून येणारा दुय्यम वास. एका ओळीत काम होतं, बाहेरचा संदर्भ लागत नाही. ‘मॉर्निंग्टन क्रेसेंट’मध्ये खेळाडू लंडनमधल्या ठिकाणांची नावं आळीपाळीने घेतात, मॉर्निंग्टन क्रेसेंट स्टेशनचं नाव आधी घेईल तो जिंकला. नकाशा उघडून नियम शोधत बसू नका. नियम नाहीतच, डावपेचांचा आव आणणं हाच खेळ. एका गाण्याचे शब्द दुसऱ्याच्या चालीवर गायची फेरी मात्र मूळ चाल माहीत नसेल तर कोरडी जाते. आधी चाल ऐकून घ्या.

भाग निवडताना हम्फ्री लिटलटन यांच्या सूत्रसंचालनाचे घ्या. ते जाझ ट्रम्पेटवादक, २००८ मध्ये गेले. कोंडकेछाप द्व्यर्थी वाक्यं ते इतक्या निरागस, कंटाळलेल्या सुरात वाचतात की चावटपणा ऐकणाऱ्याच्याच डोक्यात तयार होतो. म्हणूनच घरात मोठ्यांसमोर हे मोठ्याने लावू नये. २००९ पासून आलेले जॅक डी चांगलेच आहेत, पण ती निरागसता लिटलटन यांचीच.

जुने भाग ऑडिओबुक म्हणून विकत मिळतात. रेडिओ ४ वर थेट ऐकायचं तर तिथली संध्याकाळी साडेसहाची विनोदाची वेळ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे अकरा, हिवाळ्यात बारा.